एक नग, पोलादपूर

विमानाने येणाऱ्या माणसाला आमच्या पोलादपुरात अजून थोडा मान आहे. अट एवढीच की तो विमानाने आला हे दिसायला हवं. म्हणून बॅगेच्या मुठीला विमानतळावर चिकटवतात ती लांब पांढरी पट्टी मी घरी पोचेपर्यंत काढत नाही. वाटेत कुणी विचारलंच तर ‘अरे, राहिलीच वाटतं’ असं म्हणायचीही तयारी ठेवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र ती पट्टी माझ्या अंगाशी आली.

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे माणसांची लागायला लागतात. चुलतबहिणीचं ठरलं होतं आणि मी बंगळूरहून निघालो होतो. नेहमीचा क्रम असा, की मुंबईला उतरायचं, पनवेल गाठायचं आणि तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या ज्या लाल गाडीत पाय ठेवायला जागा असेल तीत पाय ठेवायचा. पण त्या महिन्यात एसटीचा संप चालू होता. विलीनीकरणाच्या मागणीसाठी नव्वद हजारांवर कर्मचारी आणि अडीचशे आगारं, सगळं ठप्प. मागणी योग्य की अयोग्य, यावर बंगळूरला सोफ्यावर बसून माझं ठाम मत होतं. पनवेलला उन्हात उभं राहिल्यावर ते बरंच पातळ झालं. शाळेच्या पासावर ज्यांनी मला वर्षानुवर्षं महाडला नेलं-आणलं, त्यांना पगार किती मिळतो हे मी तोवर एकदाही विचारलं नव्हतं.

लोकलही नव्हती, म्हणजे इतरांना होती. दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच तिकीट मिळत होतं आणि मला अकरा झाले होते. नाकात काडी घालून मिळवलेला चाचणीचा कागद विमानाला चालला, तो अंधेरी स्टेशनाला चालेना. कोकण रेल्वेत आरक्षणाशिवाय चढायची सोय नव्हती आणि आरक्षण दिवाळीआधीच संपलेलं. तीस हजार फूट उंचीवर जाऊ दिलेल्या माणसाला जमिनीवर कुणी हलू देईना.

विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याला मी महाड सांगितलं, कारण पोलादपूर सांगून कुणालाच काही कळत नाही. त्याने मान डोलावली, बॅग डिकीत टाकली आणि निघाला. पाच मिनिटांनी म्हणाला, “म्हाडा का लॉटरी लगा क्या साहब?” तो मला वांद्र्याला, कलानगरच्या म्हाडा कार्यालयात घेऊन चालला होता. मी घाईघाईने महाबळेश्वर, रायगड, गोवा हायवे अशा खाणाखुणा सांगितल्या. तेव्हा त्याने थेट महाडचा जो आकडा काढला, त्यात माझं बंगळूर जाऊन-येऊन झालं असतं, वर खिडकीची जागाही मिळाली असती. पनवेलवर तोड झाली.

(आता डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून विमानं उडतात. म्हणजे विमानतळ आमच्या रायगड जिल्ह्यातच आला. ‘तुमचं काय बुवा, दारात विमान!’ असं लोक म्हणतात. जिल्हा एकच आहे, हे खरं. त्या दारातून आमच्या घरात यायला शंभरावर किलोमीटरची ओसरी ओलांडावी लागते, एवढंच.)

पनवेल ते वडखळ हा टप्पा एका इको गाडीत पार पडला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण मला फार दिसलंच नाही. बॅग माझ्या मांडीवर होती आणि बॅगेवर कुणाचातरी मुलगा. कर्नाळ्याचा सुळका मी त्याच्या कानाच्या वरून पाहिला आणि पेण आलं ते वासावरून ओळखलं.

वडखळ नाक्यावर मी तासभर उभा होतो. तिथे अलिबागकडे जाणाऱ्यांची चंगळ होती. महाड म्हटलं की मात्र इकोवाले आपण काही अभद्र बोलल्यासारखे तोंड फिरवत. शेवटी एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर पंचविशीतला, गळ्यात रुमाल.

“कुठं?”

“पोलादपूर.”

“महाडात टाकतो.”

‘सोडतो’ नव्हे, ‘टाकतो’. मी विचारलं, मालाच्या गाडीत माणूस चालतो का? त्याने मोबाइल काढला आणि एक फोटो बोटांनी मोठा करून माझ्या नाकासमोर धरला. संप असेपर्यंत खासगी बस, शाळेच्या बस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा देणारी शासनाची अधिसूचना होती ती, ८ नोव्हेंबरची. एवढा कायदेशीर प्रवास मी आयुष्यात केला नव्हता. मग त्याची नजर बॅगेच्या पट्टीवर गेली. त्यावरच्या काळ्या रेघा, आकडे आणि वजन त्याने नीट पाहिलं.

“पार्सल हाय काय?”

“नाही, माझीच बॅग आहे. विमानाची पट्टी ती.”

“मंग झालं ना. दोन नग.”

पुढे त्याच्याशेजारी तीन गडी बसलेले होते. मला मागे चढायचं होतं. मागची फळी खाली पाडली आणि आत पाहतो तो काय! जाजमं, गुंडाळलेले पडदे, स्टीलच्या परातींची चळत आणि या सगळ्याच्या मधोमध, सुंभाने हौद्याला बांधलेल्या, मागे तोंड करून ठेवलेल्या नवरा-नवरीच्या दोन खुर्च्या. महाडला रात्री लग्नाचा स्वागत समारंभ होता. “बसा, बसा,” तो म्हणाला, “जरा जपून. एका सिंहाचा दात गेलाय.”

खुर्च्या जवळून पाहण्यासारख्या होत्या. स्टेजवर त्या सोन्याच्या वाटतात. हातभर अंतरावरून कळतं की सोनेरी रंगाखाली फायबर आहे, आणि जिथे दात तुटलाय तिथे सिंह आतून पांढराफटक आहे. लाल मखमलीवर प्लास्टिकचं आवरण होतं. पाठ आणि बूड जिथे मिळतात त्या फटीत मागच्या किती लग्नांच्या अक्षता बसल्या होत्या कोण जाणे. गुलाबी तांदूळ, पिवळे तांदूळ, एक सुकलेली निशिगंधाची कळी आणि एक रुपयाचं नाणं. नाणं मी तिथेच राहू दिलं. ज्याचा आहेर त्याला. मी नवऱ्याच्या खुर्चीत बसलो, बॅग पायाशी घेतली आणि सिंहांच्या आयाळी दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

हा महामार्ग पूर्वी १७ नंबरचा होता, आता ६६ नंबरचा आहे. नंबर तरी पूर्ण बदलून झाला. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाला २०११ मध्ये हात घातला, तेव्हा माझा भाचा पाळण्यात होता. त्या नोव्हेंबरात तो पाचवीत होता आणि ‘डायव्हर्जन’ हा शब्द न चुकता लिहीत होता. खड्ड्यांवर नवीन काही लिहिणं आता शक्य नाही. मखमलीत बसून खाल्लेला खड्डा मात्र वेगळा असतो. आधी खुर्ची उडते, मग तुम्ही. येताना आधी खुर्ची पोचते.

मागे तोंड करून प्रवास केला की एक गंमत कळते. तुम्हाला प्रत्येक गाव ते गेल्यानंतर दिसतं. पाट्या पाठमोऱ्या असतात. आणि मैलाच्या दगडांची जी बाजू दिसते, ती समोरून येणाऱ्यांसाठी असते. महाड किती जवळ आलं हे मला एकदाही कळलं नाही. पनवेल किती लांब राहिलं, हे मात्र रस्ता तासन् तास न थकता सांगत होता.

नागोठण्याला टेम्पो थांबला आणि एक आजी चढल्या. नऊवारी, डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं. फडक्यातून सुकटीचा वास असा आला की सिंहानेही मान फिरवली असती. टोपली त्यांनी जाजमावर ठेवली, नवरीच्या खुर्चीवरचं प्लास्टिक पदराने पुसलं आणि बसल्या.

मी उगाच म्हणालो, “आजी, ती नवरीची खुर्ची आहे.”

“मंग? मी काय नवरी नव्हती?”

यावर काय बोलणार! तेवढ्यात ड्रायव्हर पैसे घ्यायला मागे आला. माणशी दोनशे. मी मुकाट दिले होते. आजींनी विचारलं, “दोनशात खुर्ची घरी न्यायला भेटंल काय?” तो हसला. “मंग मी खाली बसते, पन्नास घे.” तो म्हणाला, खाली काय नि वर काय, गाडी तीच. आजी म्हणाल्या, “गाडी तीच तर खुर्चीचं कशाला घेतोस?” साठ रुपयांवर मिटलं, आणि आजी खुर्चीतून हलल्या नाहीत त्या नाहीतच.

मग माझी चौकशी सुरू झाली. आमच्याकडे ‘नाव काय’ नंतर. आधी ‘कुनाचा तू?’ पोलादपुरातलं घर, आळी, आजोबा असं सांगत गेलो तेव्हा कुठे त्यांना मी पटलो. बंगळूरहून विमानाने आलो म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

“मंग त्यानं तुला हितं का उतरवलं?”

कोलाडच्या अलीकडे गाडी कोंडीत अडकली. मागे ट्रक, दोन मोटारसायकली आणि सहलीला निघालेली एक पुणेरी मोटार. ताडपत्री मागून उघडीच होती. म्हणजे रंगमंच तयार होता. लाल मखमलीवर डावीकडे विमानप्रवासाची पट्टी मिरवणारा, केसांत धूळ माखलेला मी. उजवीकडे आजी, पायाशी सुकट. पाऊण तास आमचा स्वागत समारंभ चालला. मोटारसायकलवाल्यांनी फोटो काढले. पुणेरी मोटारीतल्या बाईंनी काच खाली केली, वास आला, काच वर केली. ट्रकवाल्याने सनईची चाल वाटावी असा हॉर्न वाजवला. आजींनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि मला म्हणाल्या, “सरळ बस की जरा. मान्सं बघतायत.”

माणगावला त्या उतरल्या. उतरताना टोपलीतून दोन ओंजळी सुकट वर्तमानपत्रात बांधली आणि माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली. मी नको नको म्हणत होतो. “ऱ्हाऊ दे. लगनात रिकाम्या हातानं कोन उठतं?”

पुढे लोणेरं गेलं, दासगाव गेलं. डावी-उजवी उलटी झाल्याने सावित्री मला नको त्या बाजूला दिसली. गांधारपाल्याची लेणी मात्र या पद्धतीने छान दिसतात. समोर तोंड करून बसलं की ती डोंगरात एकदम येतात आणि मान वळवेपर्यंत जातात. माझ्यापासून ती सावकाश लांब गेली, ओळीने, संध्याकाळच्या उजेडात, एकेक दार करत. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या समोरून जात होतो, पण इतका वेळ त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

सिंहासन हा शब्द महाडच्या हद्दीत जपून वापरावा. खरं सिंहासन इथून पंचवीसेक किलोमीटरवर, रायगडावर होतं आणि १६७४ मध्ये त्यावर कोण बसलं हे इथलं शेंबडं पोर सांगेल. गाव आलं तसा मी खुर्चीतून उठलो आणि परातींवर बसलो.

स्टँडच्या आवारात लाल गाड्या ओळीने उभ्या होत्या, काचांवर धूळ, धुळीत पोरांनी बोटांनी काढलेली नावं. कर्मचारी ताडपत्रीच्या सावलीत बसले होते. त्यातल्या एकाने मला टेम्पोतून उतरताना पाहिलं. “पोलादपूर ना? शाळेची गाडी हाय बघा कोपऱ्यावर, जाईल आता,” त्यांनी सांगितलं. संपावर होते, पण गाडी कुठून सुटते हे सांगायची सवय काही संपावर गेली नव्हती.

शाळेच्या बसमधली आसनं पहिली-दुसरीच्या मापाची असतात. माझे गुडघे कानांशी आले. शेजारी एक तालेवार गृहस्थ, त्यांचेही. खिडकीवर ‘अ अननसाचा’ चिकटवलेलं. पोरांना सांभाळणाऱ्या बाई तशाच दारात उभ्या होत्या. गाडी हलली तशा त्या सवयीने म्हणाल्या, “कुणी हात बाहेर काढायचा नाही.” आम्ही चौदा प्रौढांनी हात आत घेतले. मग माझ्या बॅगेकडे बघून, “यावर नाव लिहिलंय ना? नाहीतर हरवते.” मी पट्टी दाखवली. त्यांचं समाधान झालं. अख्ख्या प्रवासात त्या पट्टीचा हा एकच उपयोग.

सकाळी पावणेदहाला मुंबईत उतरलेला मी रात्री सव्वाआठला पोलादपुरात घरात शिरलो. ओटीवर पाहुणे होते. काकूने पाणी दिलं, मग नाक मुरडलं, मग बॅगेचा बाहेरचा कप्पा उघडून पुडी वर काढली.

“बेंगलोरास्नं सुकट आणलीस?”

काकांनी चष्मा लावला, बॅग दिव्याखाली ओढली आणि ती पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“साडेचौदा किलो,” ते म्हणाले. “सुकट धरून का?”