पायांची निमताना मोजणी

मनुष्याच्या सर्व अवयवांत पायाइतका कामाचा आणि पायाइतका बेदखल अवयव दुसरा नसेल. मुखाची आपण वाखाणणी करतो, डोळ्यांना उपमा शोधतो, हातांना कर्तृत्वाचे श्रेय देतो, आणि डोक्याला तर, आत काही असो वा नसो, पागोट्यापासून मुकुटापर्यंत वाट्टेल तो मान देतो. परंतु ज्या पायांनी जन्मभर आपला सारा भार बिनतक्रार वाहिला त्यांची लांबी किती, असा सवाल कोणी अकस्मात केला, तर भल्याभल्यांची ततपप होते. भरताने रामाच्या पादुका आणल्या त्या मस्तकी धरून आणल्या आणि त्यांच्या नावे १४ वर्षे राज्य चालवले, पण त्या एकदाही पायात घालून पाहिल्या नाहीत. यामागे बंधुभक्ती होती हे निर्विवादच. तथापि दुसऱ्याच्या मापाच्या वहाणेत पाय घालू नये, एवढे व्यवहारज्ञानही त्या राजपुत्रापाशी असावे, अशी माझी अलीकडे समजूत होऊ लागली आहे.

ही समजूत मला स्वस्तात पडलेली नाही. तिच्यापायी दोन जोडी निओप्रीनचे बूट, उजव्या अंगठ्याचे एक नख आणि सासुरवाडीपर्यंत पसरलेली अब्रू इतका ऐवज खर्ची पडला आहे.

मी भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार. नोकरीच्या पूर्वार्धात ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी खांद्यावर घेऊन मी गावोगाव हिंडलो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट, हे गणित मला झोपेतून उठवून विचारले तरी चुकणार नाही. भावाभावांतील बांधाचे कज्जे, हरवलेले हद्दीचे दगड, फाळणीवरून पेटलेली वैरे, हे सारे मी मापाच्या एका आकड्यावर मिटवीत आलो. अशा मनुष्याने साठी उलटल्यावर समुद्राच्या तळाशी जाण्याचा हट्ट का धरावा, असे आमच्या कुटुंबाने विचारले, तेव्हा मी उत्तर दिले की जमिनीवरचे सारे मोजून झाले, आता पाण्याखालचे तेवढे पाहायचे राहिले आहे. हे वाक्य मला त्या वेळी फार भारदस्त वाटले होते.

वस्तुतः मूळ चिथावणी मालवणच्या भाचीची. ती तेथे स्कूबा शिकवते आणि पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांवर जो अंमल चालवते, तो मी अव्वल कारकुनालाही चालवताना पाहिलेला नाही. डॉक्टरांचा दाखला झाला, उथळ पाण्यातील उमेदवारी झाली, आणि मग एके सकाळी खडकाळ काठावरून अनवाणी उतरताना माझे पाऊल कालवांवर पडले. कालवाचे मांस रुचकर असते हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या कवचाची धार कशी असते हे मात्र तळव्याला विचारावे. त्याच संध्याकाळी, पाण्यात घालण्याजोगा बूट पैदा केल्याशिवाय उतरू देणार नाही, असा हुकूम भाचीने सोडला.

मी मुंबईस गेलो असताना एका दुकानात शिरलो आणि सात नंबर मागितला. चपलेचा सात, शाळेच्या बुटाचा सात, लग्नातल्या मोजडीचा सात, असा जन्मभर मी सातच घालीत आलो होतो. सात म्हणजे सात काय, हा प्रश्न मनात येण्याचे कारणच पडले नव्हते. पुढे चौकशी करता कळले की इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि एक तृतीयांश इंच म्हणजे जुन्या हिशेबाने जवाच्या एका दाण्याची लांबी. आमच्या कौटिल्यानेही आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे. म्हणजे साहेबाचा जोडा आणि आमची मोजणी, दोन्ही मुळात जवाच्या दाण्यावरच उभी! युरोपात मात्र जवाऐवजी दोन तृतीयांश सेंटीमीटरचा ठोका धरतात, आणि अमेरिकेने इंग्रजी दाणाच घेऊन मोजण्याची सुरुवात निराळ्या जागी केली. तस्मात इंग्रजी सातचा माणूस युरोपात गेला की ४१च्या आसपास जातो आणि अमेरिकेत आठच्या घरात. माझ्या हाती आलेला सात अमेरिकेचा होता. तसे बुटाच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलेही होते. परंतु सही करण्यापूर्वी शेरा वाचा, असे उभ्या तालुक्याला बजावीत आलेल्या मनुष्याने तो शेरा वाचला नाही.

पाय आत घालताना जी झटापट झाली ती पाहून दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, पाण्यात गेल्यावर सैल होतो." चपला विकणाऱ्यांची ही सनातन ग्वाही चामड्याच्या बाबतीत पुष्कळशी खरी असते. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, तिला तेल पाजावे लागते, आणि आठ-पंधरा दिवसांच्या रुसव्यानंतर ती आपल्याच पायाचा आकार घेऊन नांदू लागते. निओप्रीन मात्र या सोयरिकीला राजी नाही. ते ताणले तर ताणते, सोडले की पुन्हा मूळपदावर येते. भिजल्यावर अंमळ नरमते इतकेच. पाण्यात वीस मिनिटे झाली नाहीत तोच बोटांना मुंग्या आल्या, मग बोटे आहेत की नाहीत याविषयी संशय आला, आणि शेवटी डाव्या पोटरीत असा गोळा चढला की मला दोघांनी धरून बाहेर काढले. आवळलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही, त्यामुळे ज्या उबेसाठी तो घालायचा तीच पायाला मिळत नाही, हे मला भाचीने वाळूवर बसवून समजावले. बूट ओढून काढताना तिने त्याची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "मामा, हो जोडो तुमचो न्हय. हो कोणातरी पोराचो."

अपमानित मनुष्य दुसऱ्या टोकाला जातो. दुसरी खरेदी करताना माझ्या मनात लहानपणीचे 'वाढत्या अंगाचे' हे धोरण जागे झाले. आमची आई जूनमध्ये शाळेचे बूट दोन नंबर मोठे घेई, पुढच्या पोकळीत कापसाचा बोळा कोंबी, आणि तीन वर्षांनी पाय बुटाला पुरा झाला की बूट फाटलेला असे. निवृत्त मोजणीदाराचे पाय यापुढे वाढण्याचा यत्किंचितही संभव नव्हता, तरीही मी दहा नंबर घेतला. शिवाय जाड ते टिकाऊ या न्यायाने, थंड समुद्रांसाठी केलेला ७ मिलिमीटर जाडीचा घेतला. आमचा समुद्र २६ ते ३० अंशांत खेळणारा. तेथे ३ मिलिमीटर पुरेसे असतात. काठावर उभा राहिलो तेव्हा दोन पखाली पायांत अडकवल्यासारखा मी दिसत होतो, आणि चालू लागलो तेव्हा 'पचक, पचक' असा जो नाद उठला त्याने खेकडेसुद्धा बिळांतून डोकावले. वाळू आत शिरली, टाचेला घासली, फोड आला. आणि पाण्यात तर पायाने दिलेला हुकूम बुटावर चढवलेल्या पोहायच्या फिनपर्यंत पोहोचायला, तहसिलीतून निघालेला कागद तलाठ्याच्या सज्जावर पोहोचायला लागतो तेवढाच वेळ लागू लागला. पाय उजवीकडे वळे, बूट विचार करी, आणि फिन डावीकडेच राही. अंगठ्याचे नख याच प्रकरणात, घसरून खडकावर आदळताना, खर्ची पडले.

येथे या निओप्रीन नामक पदार्थाची थोडी हकिकत सांगणे अवश्य आहे. हे कृत्रिम रबर अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली सिद्ध झाले. पुढे १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने पाणबुड्यांच्या पोशाखाचा विचार करता करता एक मोठी मार्मिक गोष्ट ओळखली: पाण्यात ऊबदार राहण्यासाठी कोरडे राहण्याची गरज नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते हे खरे. पण कापडातच वायूचे असंख्य बंद बुडबुडे कोंडून ठेवले, तर अंगाची ऊब ते बुडबुडेच अडवतात, मग आत थोडे पाणी असले तरी बिघडत नाही. बुडबुड्यांचे हे बळही खोलीनुसार बदलते. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे आक्रसून निम्म्यावर येतात, म्हणून थंड आणि खोल पाण्यासाठी कापड अधिक जाड लागते.

भाचीकडून हे ऐकताना माझ्यातला महसुली मनुष्य एकदम उठून बसला. आपल्याकडे १९४८चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, तेव्हापासून कुळाचा आणि जमिनीचा संबंध कसा असावा याच्या नोंदी आमच्या खात्याने कपाटे भरून लिहिल्या आहेत. बुटातले पाणी म्हणजे कूळच. घट्ट बूट हा असा जमीनदार की जो कुळाला उभेच करत नाही आणि मग स्वतःही उपाशी मरतो. सैल बूट हा असा की जो घटकेघटकेला कूळ बदलतो, प्रत्येक नवे पाणी थंडगार येते, पायाची मेहनत खाते आणि ऊब घेऊन चालते होते. योग्य बुटात मात्र थोडेसे पाणी एकदाच शिरते, पाय ते स्वतःच्या कष्टाने तापवतो, आणि मग ते कायम कूळ होऊन पायाशी गुण्यागोविंदाने नांदते. बुटाच्या आत जी जागा पायाने व्यापलेली नसते तिला आमच्या सात-बारावर 'पोटखराबा' म्हणतात. तो जितका कमी, तितकी जमीन चांगली.

हा सिद्धांत मी भाचीला मोठ्या उत्साहाने ऐकवला. ती शांतपणे म्हणाली, "ता सगळा खरा. पण मामा, आयुष्यभर लोकांची जमीन मोजलात, आपलो पाय कधी मोजलात काय?"

तालुक्यातील एकाही खातेदाराने मला इतके निरुत्तर केले नव्हते.

त्या दिवशी दुपारी आम्ही होडीने सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ साली ज्याचे काम सुरू झाले त्या किल्ल्यात शिवछत्रपतींच्या हाताचा आणि पायाचा म्हणून चुन्यात उमटलेला ठसा घुमटीत जतन केलेला आहे. त्यापुढे हात जोडून उभा असताना मनात आले की ठसा राहतो तो पावलाचा राहतो, नंबराचा नव्हे. सायंकाळी परत आल्यावर मी आपण होऊन म्हणालो, "चल, मोजणी कर."

सायंकाळ हीच योग्य वेळ, कारण दिवसभराच्या चालीने पाऊल थोडे सुजून आपल्या पुऱ्या मापाला आलेले असते. भाचीने भिंतीशी कागद अंथरला, टाच भिंतीला टेकवून सारा भार पायावर देऊन मला उभे केले, कारण बसलेल्या माणसाचे पाऊल आखडलेले असते आणि उभ्याचे पसरते, आणि पेन्सिल सरळ उभी धरून हद्द आखली. सर्वांत पुढचे बोट अंगठा नसून त्याच्या शेजारचे निघाले. डावा पाय २६.२ सेंटीमीटर, उजवा २५.७. ज्या दोन पायांना मी जन्मभर सामाईक खाते समजत आलो होतो ते प्रत्यक्षात दोन स्वतंत्र खातेदार होते, आणि त्यांतील डाव्याचे क्षेत्र निर्विवाद मोठे होते! आमच्या खात्यात मोजणीवर तक्रार आली की वरिष्ठाकडून जी फेरमोजणी होते तिला निमताना मोजणी म्हणतात. माझ्या पायांची पहिली मोजणी झालेलीच नव्हती, आणि निमताना मात्र झाली.

तिसरी खरेदी भाचीच्या समक्ष झाली, आणि तिने बुटाची अशी उलटतपासणी घेतली की मला त्याची दया आली. मोजे न घालता, डाव्या पायाच्या मापाने बूट घातला. पुढे बोटे नुसती टेकली पाहिजेत, दुमडता कामा नयेत. टाच उचलली की बूट बरोबर उचलला पाहिजे, आत टाच सुटी नाचता कामा नये. पावलाच्या कमानीवर पोकळ फुगा राहता कामा नये. बाजूची चेन ओठ चावल्याशिवाय वर गेली पाहिजे. मग मला ऊठबस करवली, चवड्यांवर चालवले, दुकानातल्या खुर्चीवर बसवून हवेत पाय मारायला लावले. काठावरून खडकांवर चालायचे म्हणून जाड, कडक रबरी तळ घेतला. नुसते होडीवरून उडी मारणाऱ्याला मऊ तळ चालतो आणि कयाक वल्हवणाऱ्याला पातळच बरा, कारण त्याला पायाखालची पट्टी कळावी लागते. शेवटी तिने टाच उघडी असलेली फिन मागवली आणि बूट घातलेला पाय तीत बसवून पाहिला. बूट आणि फिन यांची पत्रिका आधी जुळवावी, लग्नानंतर जुळवून उपयोग नसतो. पोशाखाची विजार बुटाच्या वरून घ्यावी, म्हणजे पाणी आत ओघळत नाही, ही शेवटची ताकीद.

त्यानंतर मी पाण्यात उतरलो. आत थोडे पाणी आले, गार वाटले, आणि काही क्षणांनी वाटेनासे झाले. कूळ रुजू झाले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा समोरून गेला, खडकाच्या कपारीत काहीतरी हलले, उन्हाचे कवडसे वाळूवर नाचत होते, आणि वर आल्यावर भाचीने "बूट कसे?" असे विचारले तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या सबंध अर्ध्या तासात मला पाय आहेत याचीच आठवण झाली नव्हती. माझ्या मते बुटाला याहून मोठे प्रशस्तिपत्र देता येणार नाही.

बूट गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत उलटे टांगून वाळवावेत, असा शिरस्ता आहे. तो न पाळल्यास त्यांतून जो दर्प सुटतो, त्याचा पंचनामा करायला पंच मिळणार नाहीत. मी तीन जोड माडाखालच्या दांडीवर टांगले होते. चार दिवसांनी पाहतो तो अमेरिकेचा सात नंबर गायब! शोध घेता मागील दारी आमचे कुटुंब तोच जोड घालून शेवाळलेल्या पायऱ्या खराट्याने घाशीत असलेले आढळले. बूट पायाशी असा बसला होता की पोटखराबा शून्य.

मी थक्क होऊन विचारले, "तुझ्या पायाचं माप तुला ठाऊक होतं?"

"माप कसलं?" ती खराटा न थांबवता म्हणाली. "पायात घालून पाहिला, बसला. त्यात मोजायचं काय?"

कागदावरच्या नोंदीपेक्षा प्रत्यक्ष कब्जा बलवत्तर ठरतो, हे मी तीस वर्षांत शेकडो वेळा लिहिले होते. मी निमूटपणे घरात गेलो आणि त्या जोडाच्या कब्जेदार सदरी तिचे नाव मनातल्या मनात चढवले. अशा फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत मी घेतली नाही.