सगळे थांबे घेणारी एम-एटी

कोल्हापुरात रेल्वे संपते. मिरजेहून १८९१ साली आलेली ही लाइन छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला थांबते, ती थांबतेच. ती पुढे वैभववाडीपर्यंत नेऊन कोकण रेल्वेला जोडायची, असं घाटत आहे, पण अजून सह्याद्रीला त्याची कुणकुण लागलेली नाही. बाहेरच्या माणसाला ही गैरसोय वाटते. कोल्हापूरकराला वाटत नाही.

"हितवर आल्यावर फुडं आनि कशाला जायाचं?" आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. केएमटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले ते नोकरीतून, कंडक्टरकीतून नव्हे. ऐन जुलैत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बायकोनं मोबाइलवर यादी करून दिली होती : अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा, खासबाग, पन्हाळा. आबांनी यादी चष्मा न लावता वाचली आणि मोबाइल परत दिला. "ह्ये सगळं हाय तितंच हाय. पळून जात न्हाई. पावणं, तुम्ही माझ्यासंगं चला."

आबांकडे एक जुनी एम-एटी आहे. कंपनीनं ही गाडी कधीच बंद केली, कोल्हापूर जिल्ह्यानं ती अजून बंद केलेली नाही. मागं दुधाचे कॅन लावून पहाटे शहरात शिरायचं, हा तिचा मूळ धर्म. आबांनी कॅनच्या जागी पावणं लावलं एवढंच. ही गाडी चालवताना त्यांची एक जुनी खोड मला फार भोवली. शहरातला प्रत्येक जुना बसथांबा आला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि थांब्यावर कोणी ना कोणी ओळखीचं असतंच.

"काय आबा, कुनीकडं?"

"पावण्यास्नी गाव दाखवालोय."

मग गाडी स्टँडला लागायची आणि मला गावाऐवजी गावाबद्दलचं मत दाखवलं जायचं.

पहिला थांबा अर्थातच मिसळीचा. कोणती मिसळ खरी, यावर कोल्हापुरात एकमत नाही आणि ते होऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा दिसते. उद्यमनगरातल्या फडतरेंचा एक पक्ष, कसबा बावड्याचा दुसरा, खासबागेचा तिसरा. आणि ज्याच्या त्याच्या गल्लीच्या तोंडावरची गाडी हा सर्वांत मोठा अपक्ष गट. आबा अपक्षांपैकी. बाकावर बसल्या बसल्या मी सवयीनं पाव मागितला, तर पुढ्यात ब्रेडचे जाड स्लाइस आले. मी इकडंतिकडं पाहिलं. शेजारचा गृहस्थ मायेनं म्हणाला, "पुण्याचं का?" डोंबिवली म्हटल्यावर त्याला थोडं बरं वाटलं. तोवर पोरानं न विचारता कटाचा दुसरा डाव वाटीत सोडला होता. लाल तवंगाखाली मटकी गेली आणि चष्म्यावर वाफ आली.

"लई तिखट न्हाई," आबा म्हणाले. मी रुमाल शोधत होतो.

याबाबत त्यांचं मत ठाम आहे. कोल्हापूरचं जेवण तिखट असतं, ही अफवा बाहेरच्या हॉटेलवाल्यांनी उठवली. "व्हेज कोल्हापुरी म्हनून जे काय लाल लाल मिळतंय, ते कोल्हापुरात कुठल्या घरात शिजतंय, एक घर दावा. आमच्या पांढऱ्या रश्श्यात मिरचीचा लाल ठिपका तरी दिसतोय का? नारळाचं दूध, तीळ, खसखस. पोटाला गार." हे म्हणणं खरं आहे. आणि पांढऱ्याच्या शेजारच्या वाटीत तांबडा असतो, हेही खरं आहे. पण आबा एका वेळी एकाच वाटीवर बोलतात.

खासबागेच्या मैदानाला मात्र थांबा नसतानाही आम्ही थांबलो. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला गेले, वाटेत रोमचा आखाडा पाहिला आणि १९१२ साली कोल्हापुरात हे मैदान उभं राहिलं, असं सांगतात. मधोमध हौदा आणि भोवती बशीसारखा चढ, की कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. मी कौतुकानं रोमचं नाव काढलं.

"रोमचं पडलं की वो," आबा म्हणाले. "आमच्या हितं अजून कुस्ती चालत्यात."

पुढं मिरजकर तिकटी, मग बिंदू चौक. वाटेत भिंतींवर तालमींची नावं, पण निम्म्या नावांपुढं फुटबॉल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण : मातीत शड्डू ठोकायला निघालेल्या संस्था मैदानात बॉल मारू लागल्या आणि पेठा त्यांच्यामागं विभागल्या गेल्या. वर्ल्ड कपच्या वेळी याच गल्ल्यांत मेस्सी आणि नेमार तीन-तीन मजली उभे राहतात. आबांच्या गल्लीत अर्जेंटिना आहे. पलीकडच्या गल्लीत ब्राझील. दोन्ही देशांना याची कल्पना असेल असं वाटत नाही, पण दोन्ही गल्ल्यांतली सोयरीक त्या महिनाभर बोलण्यापुरती उरते.

बिंदू चौकात आबांचे एक मित्र भेटले. आयुष्यभर आंदोलनात होते. चेहरा उतरलेला. प्रकृतीची चौकशी केली, तर कळलं की प्रकृती ठणठणीत आहे. मागण्या मान्य झाल्यात. टोल हटला. उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं म्हणून वकील मंडळींनी काळे कोट घालून पांढरे केस होईपर्यंत आंदोलन केलं. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं. त्याच पावसाळ्यात नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातला नेली, तेव्हा लोकांनी मोर्चे काढले आणि हजारोंनी तिला नेणाऱ्या उद्योगसमूहाच्या मोबाइल कंपनीची कार्डं बदलली. "निस्तं 'भावा, ठरलं' म्हनायचा अवकाश," मित्र म्हणाले, "गाव रस्त्यावर. पन आता काय राह्यलंय?"

"हद्दवाढ राह्यली की," आबांनी धीर दिला.

मित्राच्या चेहऱ्यावर लगेच रंग आला. त्या विषयाकडे मी नंतर येतो, कारण आबाही नंतरच आले.

आधी पंचगंगेकडं गेलो. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना नमस्कार करत नाहीत, पाणी विचारतात.

"किती?"

"तीस. सकाळी अठ्ठावीस हुतं."

"राधानगरी?"

"दारं न्हाई उघडली अजून."

आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. ओळख, ख्यालीखुशाली, निरोप, सगळं त्यात आलं. हे आकडे राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीचे. ३९ फूट झाले की इशारा, ४३ ला धोका. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यांतला कितवा उघडला, हे धरणावरच्या माणसाइतकंच गंगावेशीतल्या पानवाल्याला ठाऊक असतं. शिवाजी पुलावर तर त्या दिवशी एक सभाच भरली होती. कठड्याला टेकलेले रेनकोट, छत्र्या, डोक्यावर पोती. खाली तांबूस पाणी भोवरे घेत चाललेलं, त्यात एक अख्खं झाड, त्यावर एक बगळा ऐटीत बसलेला. बगळ्याकडं कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष काठाच्या एका दगडावर.

"त्यो बुडला की बत्तीस."

"बत्तीस कवाच झालं. त्यो बुडला की साडेतेहतीस."

"तुमचा दगूड येगळा हाय."

एका पोरानं मोबाइलवर अधिकृत आकडा वाचून दाखवला. तो सभेनं एकमतानं फेटाळला. मग विषय अलमट्टीवर गेला. कृष्णेवरचं हे धरण कर्नाटकात, इथून कितीतरी दूर, पण त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पूर येतो, असं पुलावरच्या बहुसंख्यांचं मत. ५१९.६० मीटरचं पाणी कर्नाटकला ५२४.२५६ पर्यंत न्यायचंय, हे दशांशचिन्हासकट एका भाजीवाल्या मावशींनी मला सांगितलं. शेवटचे सहा मिलिमीटरसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. वर्तुळाचा पाय किती, हे या पुलावर कोणाला सांगता आलं असतं का, शंकाच आहे.

पण या आकडेमोडीला हसायचं ते बेतानं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैत ५६च्या घरात. पुलावरच्या त्या रेनकोटांपैकी निम्म्यांनी तेव्हा घरातला गॅस माळ्यावर चढवला होता. आबांनी स्वतः दाराच्या चौकटीवर दोन्ही सालांच्या रेघा मारून ठेवल्यात. पाहुण्यांना त्या दाखवतात आणि वरच्या रेघेपाशी म्हणतात, "ह्यो रेकॉर्ड. कुनी मोडू ने."

चप्पल लाइनीत आम्ही फार वेळ काढला नाही, कारण आबांनी निकाल पटकन दिला. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला घालून पोरं चालवली आणि आधी कोल्हापूरचं नावही काढलं नाही. ओरडा झाला, मग काढलं. लाखावर किंमत असल्याचं छापून आलं होतं. दुकानदार अजून त्या विषयावर गरम होता. शिवाय त्याचं दुसरं दुःख होतं : २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना आणि त्यातले चार कर्नाटकातले. "अलमट्टी पन त्यांची, आनि चप्पल पन त्यांची?" तो म्हणाला.

आबांनी एक जोड उचलला, पायात घातला, दुकानात चार पावलं टाकली. कर्र, कर्र, कर्र.

"इटलीची वाजती का?"

"न्हाई."

"मग इषय संपला," म्हणत आबांनी चप्पल काढून ठेवली आणि न घेता बाहेर पडले. त्यांच्या पायात रबरी सँडल होत्या. पावसात चामडं घालणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे.

रात्री नऊच्या सुमाराला गंगावेशीत दूधकट्ट्यावर पोचलो. एखाद्या शहरात लोक रात्री आइस्क्रीम खायला निघतात, तसे इथं म्हशीकडे निघतात. म्हैस रस्त्याच्या कडेला उभी. अंग तेल लावल्यासारखं तुकतुकीत, शिंगं मागं वळलेली, नजर रहदारीच्या पार पलीकडं. गवळी उकिडवा बसलेला, गुडघ्यांत चरवी. धारा आधी भांड्यावर टणटण वाजतात, मग आवाज भरत जातो आणि शेवटी फेसात बुडून नुसता फस्‌-फस्‌ उरतो. तेवढ्यात मागच्या माणसाचा हात पेल्यासह पुढं येतो. पेला भरला की वर बोटभर फेस. तो ओठावर मिशीसारखा राहायला हवा. पुसणारा बाहेरचा, हे लगेच ओळखतात.

"उकळत नाहीत?" मी विचारलं.

गवळी थांबला. आबांनी दुसरीकडं पाहिलं. म्हशीनंही एकदा मान वळवली. "म्हशीच्या पोटात उकळूनच येतंय," गवळी म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. दूध खरंच कोमट होतं. पेला रिकामा होईपर्यंत मला पाडव्याला म्हशींची कशी मिरवणूक निघते, शिंगं कशी रंगवतात, मोटारसायकलचा आवाज ऐकून आपली म्हैस मालकामागं कशी पळते, हे सगळं ऐकवण्यात आलं. म्हैस पळत असल्यावर माझा विश्वास नव्हता. तिघांनी आपापल्या मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.

आणि तिथं, तोंडाला फेस असताना, आबा हद्दवाढीवर आले.

हा विषय थोडक्यात असा : १९७२ साली कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नाव मोठं झालं, पण पुढची पन्नास वर्षं हद्द तसूभर सरकली नाही. शहरातल्या माणसाचं म्हणणं, आजूबाजूची गावं आत घ्या, म्हणजे निधी येईल, शहर वाढेल. गावातल्या माणसाचं म्हणणं, आमचं आम्ही बरे आहोत.

"शेर वाढाय नको?" आबांनी सुरुवात केली.

"वाढू दे की, वर वाढवा," गवळी म्हणाला. तो शेजारच्या गावचा. "आमास्नी आत घेऊन काय देनार? आधी घरफाळा वाढवनार. मग रानावर आरक्षन टाकनार. पानी दिलं तर दिलं."

"पन शेरातलं सगळं वापरताय की तुम्ही. रस्ते, दवाखानं, बस."

"आनि तुम्ही दूध कुनाचं प्यायलासा?"

आबांनी पेल्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या थांब्यावर कोणी तरी बिनतिकीट चढून त्यांनाच खाली उतरवलं होतं. पण ते कच्चे नव्हते. "अजून एक पेला भर," ते म्हणाले, "मग सांगतो." दुसऱ्या पेल्यानंतर चर्चा नव्यानं सुरू झाली, त्यात दोन रिक्षावाले, एक शिक्षक आणि म्हशीचा मालक मिळाले. कोणाचंही मत बदललं नाही. उठताना गवळ्यानं आबांकडून एका पेल्याचे पैसे घेतले नाहीत आणि आबांनी ते जबरदस्तीनं त्याच्या खिशात कोंबले. उद्या पुन्हा याच वेळी भांडायचं ठरलं.

रंकाळा, राजवाडा आणि पन्हाळा पाहायचे राहिले. ते खरोखरच आहेत तिथंच आहेत आणि तुम्ही गेलात तर तुमचे तुम्ही पाहू शकाल. कोल्हापूरला जरूर जा. मिसळ सकाळी दहाच्या आत खा, ब्रेडबद्दल चेहरा वाकडा करू नका. पावसाळ्यात गेलात तर आधी पाण्याचे फूट विचारा, मग प्रकृती. आणि हद्दवाढीबद्दल तुमचं मत कोणी विचारलं, तर शहरात 'हो' म्हणा, शहराबाहेर 'नाही' म्हणा. आपण नक्की शहरात आहोत की बाहेर, हे कळेनासं झालं, तर सरळ एक पेला दूध मागवा.