समस्त खोलीमालकांच्या सेवेशी

प्रति,
खोलीमालक, भोसरी, मोशी व चिखली

विषय : जुन्नर-आंबेगावच्या भाडेकरूची पात्रता

भोसरी परिसरातली भाड्याची खोली म्हणजे साधारण दहा बाय दहाची जागा, कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा, ओट्याला लागून मोरी आणि वर पत्रा, नशीब असेल तर स्लॅब. एजंट तिला वन आरके म्हणतो. जुन्नर-आंबेगावचा पोरगा चाकणच्या किंवा भोसरीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागला की नारायणगाव-मंचरकडून येणाऱ्या एसटीतून भोसरीलाच उतरतो. कोथरूडचे भाडे त्याच्या पगारात बसत नाही. परवडणारी खोली काय ती मालकांकडेच आहे, हे मालकांना पक्के ठाऊक आहे आणि पुढचे सगळे नियम त्यातूनच निघाले आहेत.

खोलीची सुरुवात गेटवरच्या पाटीपासून होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘खोली भाड्याने देणे आहे’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘फक्त फॅमिली’ असे असते. इकडे गावाकडे मुलीचे वडील विचारतात, मुलाची शहरात खोली आहे का? म्हणजे लग्नाला खोली हवी आणि खोलीला लग्न. या कोड्यातून सुटलेले काही जण कॉट बेसिसवर, एकाच खोलीत शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपताना आढळतात. एजंट एका भाड्याइतकी दलाली घेतो. त्याने चावी आणण्यापलीकडे काही केल्याची नोंद नाही.

पाटीनंतर चौकशी. नोकरी आणि पगार विचारणे रास्तच आहे. त्यानंतर आडनाव येते. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर गाव. आणि आंबेगाव तालुका म्हटले की एक खास प्रश्न : “घोडेगावच्या वरचे का खालचे?” बाहेरच्या माणसाला हा भूगोलाचा प्रश्न वाटेल. घोडेगावच्या खाली मंचरकडे बागायत, ऊस, बाजार समिती. वर डिंभे, तळेघर, आहुपे, म्हणजे भात, हिरडा आणि महादेव कोळी, ठाकरांच्या वाड्या. जुन्नरकरांसाठी हाच प्रश्न आपटाळ्याच्या अलीकडे-पलीकडे असा करून घेतात. उत्तर ‘वरचे’ आले की खोली त्याच क्षणी ‘कालच गेलेली’ असते.

गेल्या महिन्यात आहुपे खोऱ्यातल्या एका आयटीआय झालेल्या मुलाने मोशीत खोली पाहिली, पसंत केली आणि हजार रुपये टोकन दिले. मालकांनी चहा पाजला, नळाला पाणी किती वाजता येते ते सांगितले, मग गाव विचारले. संध्याकाळी एजंटाचा फोन आला : मालकांचा भाचा राहायला येतोय. भाचा अजून आलेला नाही. पाटी मात्र जागेवर आहे, आणि ‘फक्त फॅमिली’खाली आता ‘शाकाहारी’ हा शब्द वाढला आहे. माळकऱ्याच्या घरच्या त्या मुलाने आयुष्यात अंडेही खाल्लेले नाही. पण खाल्ले असते तरी काय बिघडले असते? पैसे मोजून भिंती घेणाऱ्याची जात कोणती आणि तो ताटात काय घेतो, याचा हिशेब मागण्याचा अधिकार मालकांना कोणत्या सातबाऱ्याने दिला?

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर मालकांची बाजूही नोंदवायला हवी. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले आणि या भागातल्या शेतकऱ्यांची शेते संपादनात गेली. साडेबारा टक्के परताव्यासाठी घरटी एक पिढी कचेऱ्यांत झिजली. २०२१ मध्ये प्राधिकरणच विलीन झाले, खेटे काही संपले नाहीत. उरलेल्या दोन-चार गुंठ्यांवर मालकांनी खोल्या बांधल्या. ज्वारीच्या जागी भाडे येऊ लागले, तेवढाच आधार. हे दुःख खरे आहे आणि ते कोणी हलके करू नये. घोडेगावच्या वरच्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही, कारण घोड नदीवरच्या डिंभे धरणात वरची गावे बुडाली. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगावही पाण्याखाली गेले. ते पाणी खालच्या तालुक्यांच्या उसाला जाते. एकाचे रान कारखान्यांच्या शहराखाली गेले, दुसऱ्याचे पाण्याखाली, आणि दोघे समोरासमोर बसल्यावर पहिल्याने दुसऱ्याला विचारायचे ते एवढेच?

ज्यांचे उत्तर ‘खालचे’ येते, त्यांचा करार होतो. तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि पुष्कळदा तोंडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवायचा असतो आणि ती जबाबदारी मालकांची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. हे शेवटचे वाक्य मालकांनी दोनदा वाचावे.

डिपॉझिट मालक म्हणतील तितके. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी कमाल दोन महिन्यांचे भाडे अशी मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो नमुनाच राहतो. आई भाताची गोणी घेऊन चार दिवस आली तर पाण्याचे जादा पैसे पडतात. खोली सोडताना रंगाचे पैसे कापतात आणि त्याच जुन्या रंगावर पुढच्या भाडेकरूला खोली दाखवतात.

मोशीच्या त्या मालकांना वेगळे एवढेच कळवायचे आहे की भाचा येवो न येवो, हजार रुपयांचे टोकन एजंटाकडे आहे आणि एजंट मालकांकडे बोट दाखवतो. ते आठ दिवसांत परत करावे. पावती मुलाकडे आहे, तिच्यावर खोली क्रमांक आणि मालकांची सही दोन्ही आहेत.

कळावे,
घोडेगावच्या वरचा एक