फँटम आणि कोथिंबिरीची जुडी

‘कौटुंबिक मोटार’ या संज्ञेची लेखी व्याख्या मराठी समाजात कोणी केलेली नसली, तरी तिचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. जिच्यात पाच जणांच्या जागेत सात जण बसतात, जिच्या डिकीत एक सतरंजी, दोन रिकाम्या बाटल्या आणि कधीतरी परत करायचा म्हणून ठेवलेला शेजाऱ्यांचा स्टीलचा डबा कायम वास्तव्यास असतो, आणि जिच्याविषयी नातेवाईक पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ असा विचारतात, ती कौटुंबिक मोटार होय. (‘ॲव्हरेज’ म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये कापले जाणारे अंतर, सरासरी या मूळ अर्थाशी त्याचे नाते केव्हाच तुटले आहे.) या व्याख्येत अति-आलिशान सलून मोटार बसू शकते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. ‘सलून’ हा शब्द मराठीत केशकर्तनालयासाठी राखीव झालेला असल्याने येथे त्याचा अर्थ चार दारांची, बंद टपाची आणि स्वतंत्र डिकी असलेली मोटार असा घ्यावा. दोन्ही ठिकाणी ग्राहक डोके मागे टेकून बसतो आणि बाहेर येताना त्याचा खिसा हलका झालेला असतो, हे साम्य तूर्त बाजूला ठेवावे.

उदाहरणादाखल रोल्स-रॉईस कंपनीची फँटम ही गाडी घेणे सोयीचे आहे. इंग्लंडमधील गुडवुड येथे तयार होणाऱ्या या गाडीची आठवी पिढी २०१७ मध्ये जगापुढे आली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत भारतात दाखल झाली, तेव्हा तिची किंमत साडेनऊ कोटी रुपयांपासून सुरू होत होती. या किमतीत करांचा वाटा मोठा असतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात ४० हजार डॉलरहून महाग आयात मोटारींवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्याशिवाय ४० टक्के ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ अशी आकारणी ठरली. उपकर म्हणजे विशिष्ट कामासाठी म्हणून घेतला जाणारा जादा कर. याचा सरळ अर्थ असा की, फँटम घेणारे कुटुंब शेतीच्या विकासाला हातभार लावते, आणि म्हणून त्या कुटुंबाने स्वतःला ‘शेतकऱ्यांचे कैवारी’ म्हणवून घेतल्यास त्यास तांत्रिक हरकत घेता येणार नाही. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी अशा गाड्यांवरील मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. कमाल मर्यादा ही वस्तू दुर्बल घटकांच्या संरक्षणासाठी असते, असा एक भाबडा समज आहे. येथे तिचे संरक्षण लाभते ते ज्याची गाडी इतकी महाग आहे की टक्केवारीने कर भरणे त्याला जड जावे, अशा घटकाला.

गाडी दारात आल्यानंतर पहिला प्रश्न दाराचाच उपस्थित होतो. मुंबईच्या ‘विकास नियंत्रण नियमावली २०३४’नुसार मोठ्या मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा धरली जाते, आणि फँटमची लांबी ५.७६ मीटर आहे. म्हणजे दोन रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तरी त्या नियमात बसतात आणि वर पावलाएवढी जागा उरते. फँटम मात्र एका वितेहून अधिक बाहेर राहते. दादर किंवा पार्ल्यातील पुनर्विकसित सोसायटीत ही वीत म्हणजे केवळ लांबीचे परिमाण नसून तो घटनात्मक प्रश्न असतो. तो प्रथम वॉचमनच्या वहीत नोंदला जातो, मग सूचनाफलकावर ‘काही सभासद’ अशा निनावी उल्लेखाने प्रकट होतो, आणि अखेर वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली, चहा-बटाटेवड्याच्या थोडे आधी, चर्चेस येतो. गाडी कितीही कोटींची असली तरी सभासदाचे मत एकच असते. सहकाराच्या तत्त्वाचा इतका निर्मळ आविष्कार अन्यत्र क्वचितच आढळेल.

रुंदीचे गणित आणखी नाजूक आहे. आरसे न धरता गाडी दोन मीटरांहून थोडी अधिक रुंद असल्याने दोन्ही बाजूंना जेमतेम चोवीस-चोवीस सेंटिमीटर उरतात. फँटमची मागची दारे नेहमीच्या उलट, म्हणजे मागच्या कडेला बिजागरी असलेली असतात. त्यांना ‘कोच डोअर’ म्हणतात, कारण घोड्यांच्या बग्गीतून उतरावे तसे त्यांतून ऐटीत समोर पाऊल टाकत उतरता येते, आणि ती बटण दाबताच आपोआप मिटतातही. चोवीस सेंटिमीटरमध्ये ऐटीत उतरणे मनुष्यदेहाला शक्य नसल्याने सर्व कुटुंब फाटकाशीच उतरते, पिशव्या सावरत चालत लिफ्टपर्यंत येते, आणि आपोआप मिटणारे दार बिचारे आपोआप मिटण्याच्या संधीची वाट पाहत राहते.

येथून विवेचन शांततेकडे वळते, कारण या गाडीचे खरे वैशिष्ट्य तेच मानले जाते. फँटममध्ये १३० किलोंहून अधिक वजनाचे ध्वनिरोधक साहित्य भरलेले असते, म्हणजेच दोन सुदृढ पाहुणे कायमचे गाडीत बसवले आहेत, फक्त ते बोलत नाहीत. ही शांतता मुंबईत दुधारी ठरते. गाडी मागे घेताना वॉचमन हात हलवत ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या’ असे म्हणतो आणि धक्का बसल्यानंतर ‘बस्स’ असे म्हणतो, ही या शहराची सर्वमान्य दिशादर्शन पद्धत आहे. तिच्यातील पहिला भाग फँटमच्या चालकाला ऐकू येत नाही आणि दुसरा ऐकू येण्याची गरज उरत नाही. गाडीला चहू बाजूंनी कॅमेरे असतात हे खरे, परंतु वॉचमनचा अनुभव कॅमेऱ्यांहून अधिक वर्षांचा असल्याने तो माघार घेत नाही.

शांततेची ही कीर्ती जुनी आहे. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातकाराने रोल्स-रॉईससाठी लिहिलेल्या एका प्रसिद्ध मथळ्याचा आशय असा होता की, ताशी ६० मैलांच्या वेगाला या गाडीतला सर्वांत मोठा आवाज तिच्या विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा असतो. हा दावा मुंबईकर कुटुंबाने पडताळून पाहायचा म्हटल्यास साठ मैल म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरचा वेग हवा. सागरी किनारा मार्गावर सरळ पट्ट्यातही मर्यादा ताशी ८० किलोमीटर असल्याने कायद्याच्या चौकटीत राहून ते घड्याळ तेथे ऐकता येत नाही. अटल सेतूवर ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, पण त्याची लांबी २१.८ किलोमीटर आणि २०२४ साली तो खुला झाला तेव्हा ठरलेला मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये. म्हणजे अडीचशे रुपयांत जास्तीत जास्त तेरा-साडेतेरा मिनिटे घड्याळ ऐकायला मिळते. त्याच दिवशी परतल्यास जाऊन-येऊन ३७५ रुपयांत भागते, हे मात्र साडेनऊ कोटी मोजणाऱ्या कुटुंबातील आजोबांनी सर्वप्रथम शोधून काढलेले असते, यात शंका बाळगण्याचे कारण नाही. तेच आजोबा १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाल्याचे समाधानाने सांगतात. अडीच टनांची ही गाडी कायद्याच्या दृष्टीने ‘हलकी’ आहे, याचा त्यांना मनापासून आनंद होतो.

गाडीच्या अंतर्भागाविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तो प्रत्यक्षात कोणी पाहिलेला नसतो. लोकरीच्या गालिच्यावर वर्तमानपत्र, कातडी आसनांवर टर्किश टॉवेल आणि डोके टेकण्याच्या जागी खोबरेल तेलाच्या डागाला प्रतिबंध म्हणून जुन्या उशीचा अभ्रा अशी तीनपदरी संरक्षण व्यवस्था पहिल्याच आठवड्यात उभी राहते. छतात शेकडो प्रकाशतंतूंनी तारांगण साकारलेले असते. घाटात गाडी लागणाऱ्या मुलाला ते पाहत पडून राहण्याचा सल्ला दिला जातो आणि तोंडात आवळासुपारी दिली जाते. शँपेनसाठी केलेल्या शीतपेटीत ताक ठेवले जाते, ही त्या शीतपेटीची उन्नतीच समजावी. दारांच्या कप्प्यांत एकेक छत्री दडवलेली असते, आणि ओल्या छत्रीचे पाणी निथळून जाण्याची सोयही तेथे केलेली असते. जून महिना लागला की या छत्र्यांविषयी घरात एकमत होते, ते असे की एवढी महाग छत्री पावसात काढू नये, भिजेल.

दसऱ्याचा प्रसंग स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. बॉनेटच्या टोकावरील ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ ही पंखाकृती वस्त्रातील स्त्रीमूर्ती चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवली आणि १९११ पासून ती या गाड्यांवर विराजमान आहे. चोरी वा धक्क्यापासून बचाव म्हणून आजच्या गाडीत ती क्षणात आत ओढली जाते. विजयादशमीला कुटुंबातील ज्येष्ठ स्त्री याच मूर्तीला हळदकुंकू वाहते आणि झेंडूचा हार घालते. हार अडकवायला बॉनेटवर दुसरे काही नसते. यानंतर कोणी सवयीने गाडी कुलूपबंद केली की देवी हारासकट पाताळात जाऊ पाहते. हार अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि सेवाकेंद्राला फोन करून ही अडचण इंग्रजीत कशी सांगावी यावर घरात खल, असे त्या सणाचे स्वरूप होते.

तथापि या सर्व अडचणी गौण आहेत. मुख्य अडचण कोथिंबिरीची आहे. थॉर्स्टीन वेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाची मीमांसा केली. त्याला मराठीत ‘प्रदर्शनी उपभोग’ म्हणता येईल, म्हणजे वस्तूचा उपयोग नव्हे तर ती लोकांना दिसणे हेच तिचे मोल. वेब्लेनचा सिद्धांत निर्दोष असला तरी तो दादरच्या भाजीवाल्यांना भेटलेला नव्हता. दहा रुपयांची जुडी फँटमच्या काचेतून विचारली की चाळीसची होते, आणि वर ‘तुम्हाला काय कमी आहे, ताई?’ असा प्रतिप्रश्न येतो, ज्याला साडेनऊ कोटींच्या गाडीत बसून उत्तर देता येत नाही. हाच प्रश्न पुढे प्लंबर, शाळेच्या देणगीचा विषय काढणारे विश्वस्त आणि वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आलेले गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते आपापल्या शब्दांत विचारतात. गाडी दिसावी म्हणून घेतलेली असते, पण घासाघीस करण्याचा पिढीजात हक्क कुटुंबाला सोडवत नाही. आणि दिसणे व घासाघीस या दोन गोष्टी एका वेळी साधत नाहीत. त्यामुळे रोजच्या प्रत्येक कामाला गाडी दोन गल्ल्या अलीकडे, एखाद्या पिंपळामागे उभी करावी लागते. अति-आलिशान मोटारीचा नित्य वापर म्हणजे तिला नित्य लपवणे, अशी व्याख्या यातून हाती लागते, आणि पावणेसहा मीटरची वस्तू लपवण्याजोगा पिंपळ दादरमध्ये मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

गाडी स्वतः मात्र तक्रार करत नाही. तिच्यात इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याऐवजी किती शक्ती शिल्लक आहे हे टक्क्यांत दाखवणारा काटा असतो. रानडे रोडवर तो शंभराच्या आसपास थबकलेला असतो, आणि न मोडलेल्या मुदतठेवीकडे पाहावे तसे समाधान आजोबांना त्यातून मिळते. पुढचा रस्ता आधीच वाचून चाकांची उसळी आवरणारी एक कॅमेरा-यंत्रणाही तिच्यात आहे. तिचे नाव ‘फ्लॅगबेअरर’, म्हणजे निशाणधारी. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी दोन मैलांची, म्हणजे सव्वातीन किलोमीटरहूनही कमी वेगाची मर्यादा घातली होती, आणि वाहनापुढे किमान साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याचे बंधन घातले होते. त्या माणसाची आठवण या नावात आहे. ब्रिटनने ही प्रथा एकोणिसाव्या शतकातच मोडीत काढली. दादरला ती चालू आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास चालकाचा भाचा स्कूटरवरून पुढे निघतो, खड्डा कोठे, पेव्हर ब्लॉक कोठे उखडलेला आणि पिंपळाखाली जागा आहे की नाही, हे फोनवरून मागे कळवत राहतो. कोथिंबीरही तोच घेतो, दहा रुपयांना. त्याच्यामागे साधारण साठ यार्ड अंतर ठेवून, ताशी तीन किलोमीटरच्या वेगाने, फँटम येत असते, आणि स्कूटरच्या हँडलला अडकवलेली भाजीची लाल कापडी पिशवी वाऱ्यावर हलत असते.