गेंड्याच्या सिनेमाला पैसे कोण देणार?

मुलांच्या टीव्हीवर काळा विनोद करता येतो का? अमेरिकेत करून झाला. 2002 साली डॅनी डेव्हिटोने 'डेथ टू स्मूची' काढला. मुलांच्या कार्यक्रमाचा लाडका सूत्रधार, रंगीबेरंगी कोट, नाचगाणी, तोंडभर हसू. आणि कॅमेरा बंद झाला की हाच माणूस पाकीट घेतो. कशाचं? कार्यक्रमात अमुक पोराला पुढे उभं करण्याचं. भूमिका रॉबिन विल्यम्सची.

पाकीट देणारे कोण? आईबाप.

हा लाचखोर पकडला जातो आणि त्याच्या जागी एडवर्ड नॉर्टनचा भाबडा, प्रामाणिक माणूस येतो, गुलाबी गेंड्याच्या वेशात. लगेच भोवती गर्दी जमते. कुणाला गेंड्याची खेळणी विकायची आहेत, कुणाला त्याला बर्फावर नाचवायचं आहे. धर्मादाय संस्थेच्या नावाखाली गुंड येतात तेही याच गर्दीतून. मुलं कुठे आहेत? टाळ्या वाजवायला बसवली आहेत.

सिनेमा साफ आपटला. लोकांना रॉबिन विल्यम्स गोड हवा होता, खरा नको होता.

याच्या अर्धशतक आधी, 1951 मध्ये, इटलीत विस्कोन्तीने 'बेलिस्सिमा' केला. तिथे टीव्ही नाही, सिनेमाचा स्टुडिओ आहे. रोममधली एक गरीब आई दारोदार इंजेक्शनं देऊन पैसे जमवते आणि लेकीला चाचणीला उभी करते. चाचणीत पोर रडतं. ती फीत स्टुडिओतले पुरुष पडद्यावर बघतात आणि खदाखदा हसतात. आई हे चोरून बघते आहे. आईच्या भूमिकेतल्या आना मान्यानीचा तो चेहरा एकदा पाहावा आणि मग कुठल्याही वाहिनीची ऑडिशन पाहावी.

बघवणार नाही.

आता लातूरला या. 2008 मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' सुरू झालं. अंतिम पाचांत लातूरचा रोहित राऊत होता. सोबत कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन. गळे अस्सल होते, मेहनत खरी होती. 2009 च्या फेब्रुवारीत अंतिम सोहळा झाला आणि कार्तिकी जिंकली. पोरं पुढे टिकली. 2021 च्या पर्वात हेच पाच जण परीक्षणाला बसले. चांगलं झालं.

पण त्या पाचांच्या मागे जी रांग लागली, तिचं काय झालं?

मतं मोबाइलच्या मेसेजवर मोजली जात. तो मेसेज साध्या मेसेजपेक्षा महाग. 'आपल्या मातीतलं लेकरू' म्हटलं की मराठवाडा खिशात हात घालतोच. गाणं ऐकायचं होतं, निवडणूक कधी सुरू झाली ते कळलंही नाही. उमेदवार किती वर्षांचा? मतदानाच्या वयाला पोचलेलाही नाही.

त्याच 2008 मध्ये कोलकात्याची एक शाळकरी मुलगी नृत्याच्या कार्यक्रमात परीक्षकांचे बोल खाऊन इतकी खचली की तिची वाचाच गेली. देशभर बातमी झाली, चर्चा झाल्या. पुढच्या पर्वाच्या ऑडिशन कधी थांबल्या?

आमच्या भागातल्या ऑडिशनचा दिवस आठवा. मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल. सकाळी सातपासून रांग. सहा-सात वर्षांच्या पोरीला नऊवारी चढवलेली, डोळ्यांत काजळाची रेघ कानापर्यंत, छातीवर सेफ्टी पिनने टाचलेला नंबर. पोरीला सू लागली आहे. आई म्हणते, "थांब की जरा, आता आपलाच नंबर यायलाय." मग आत जाऊन पोर लावणीच्या अदा करते. कशाच्या अदा आहेत हे तिला ठाऊक नाही. हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक आहे.

आणि टाळ्या पडतात.

2019 च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी सांगावं लागलं, की नाचाच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून त्यांच्या वयाला न शोभणारे हावभाव करून घेऊ नका. हे सांगायला सरकार लागलं. परीक्षक, सूत्रधार, नृत्यदिग्दर्शक, आई, बाप, मामा, यांतल्या एकालाही आधी दिसलं नव्हतं?

बालमजुरीविरोधी कायदा आहे. 2016 ची दुरुस्ती, 2017 चे नियम. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायची. सलग सत्तावीस दिवसांपुढे काम नाही. कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही.

शेवटची अट कोण तपासणार? तिथे सही पालकांची असते.

परवानगी देतो जिल्हाधिकारी, तीही जिथे काम चालतं त्या जिल्ह्याचा. म्हणजे मुखेडचं किंवा औशाचं पोर देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरणार आणि त्याची काळजी कागदावर मुंबईचा साहेब वाहणार. पाच तास मोजायला सुरुवात कुठून? मेकअपच्या खुर्चीपासून, की पहिल्या टाळीपासून? रात्रीच्या रीटेकला घड्याळ कुणाच्या हातात असतं?

2017 मध्ये दिग्दर्शक शूजित सरकार यांनी जाहीरपणे मागणी केली होती, मुलांचे रिअॅलिटी शो बंद करा. दोन दिवस कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी प्रोमो सुरू.

या सगळ्यात मुलांसाठीचा टीव्ही कुठे गेला? दूरदर्शनवर 'किलबिल' होतं. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' राजदत्त यांनी मालिकेत आणला, तेव्हा घरंच्या घरं बघायला बसली. आज मराठी वाहिन्यांवर मुलं भरपूर दिसतात, मुलांसाठी काय दिसतं? नांदेडच्या पोराचा लाडका नायक छोटा भीम हैदराबादेत तयार होतो. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्याच अंतरावर. भीम मात्र बोलतो हिंदी.

मराठीला काळा विनोद जमत नाही म्हणाल, तर खोटं. सतीश मनवरने 2009 मध्ये 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या सावटातून हसू काढलं आणि ते हसू घशात अडकवलं. उमेश कुलकर्णीच्या 'देऊळ'ने 2011 मध्ये देवाचं दुकान उघडं पाडलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. देव चालतो, मरण चालतं. मग मुलांच्या स्टेजलाच हात का लागत नाही?

हिंदीत सुधीर मिश्रांनी 2020 मध्ये 'सीरियस मेन' केला. बाप पोराला बालप्रतिभा म्हणून मिरवतो आणि कानातल्या यंत्रातून उत्तरं पुरवतो. कथा मुंबईच्या चाळीतली. ती लातूरच्या ट्यूशन एरियात घडवली असती तर? निकालाच्या दिवशी लातूर-नांदेडच्या चौकांत लेकरांचे फोटो टक्केवारीसकट टांगलेले असतात. टांगलेल्यांचं नाव सगळ्यांना पाठ. राहिलेल्यांची चौकशी कुणी केली? रिअॅलिटी शोच्या दिग्दर्शकाला इथे नव्याने काही शिकवावं लागत नाही. आईबाप तयार, प्रेक्षक तयार, फलकवाला तयार.

मग हा सिनेमा का होत नाही?

उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. मराठी सिनेमाचा निर्माता तिकीटबारीवर विसंबून राहू शकत नाही. त्याचा जीव उपग्रह हक्कांत आणि ओटीटीच्या रकमेत. ते हक्क घेणार कोण? त्याच मोजक्या वाहिन्या. त्यांचे प्रोमो नसतील तर सिनेमा आला कधी, गेला कधी, कळतही नाही. ज्याची अब्रू काढायची त्याच्याच दारात झोळी घेऊन उभं राहायचं, तर संहितेची धार आधी निर्माताच बोथट करणार. गेंड्याची कातडी गेंड्याच्याच पैशाने सोलता येत नाही.

रितेश देशमुख लातूरजवळच्या बाभळगावच्या घरातले. निर्माते म्हणून त्यांनी 2013 मध्ये 'बालक-पालक' आणला. ज्या विषयावर घरात कुजबुजही होत नव्हती, तो विषय कुटुंबासकट थिएटरात पाहिला गेला. दिग्दर्शक रवी जाधव. म्हणजे लातूरकडे हिंमतीचा दाखला आहे. नांदेडकडे, लातूरकडे कथा आहेत, नट आहेत, रंगमंच आहेत. ऑडिशनच्या हॉलबाहेर रडून आलेली आणि आता कॉलेजात गेलेली पोरं आहेत. संहिता त्यांच्याकडूनच ऐकून लिहा.

फक्त हसायचं कुणाला, ते आधी ठरवा. तुतारीसारख्या आवाजात "क्या बात है" ओरडणारा परीक्षक आहे. पोराचं दारिद्र्य जाहिरातीआधी दाखवायचं की नंतर, यावर खल करणारी टीम आहे. बक्षिसाच्या गाडीवर आधीच डोळा ठेवून बसलेला काका आहे. यांना मनसोक्त सोला. पोराला हसलात, तर तुम्हीही विस्कोन्तीच्या त्या अंधाऱ्या खोलीतले.

आणि असा सिनेमा काढताना मुलं लागणारच, त्यांचं काय? म्हणजे पुन्हा तेच पाच तास, तेच रीटेक? सबब चालणार नाही. अमोल गुप्तेने 2011 मध्ये 'स्टॅनली का डब्बा' केला तो शनिवारच्या कार्यशाळांमधून, दर खेपेला काही तास, लहानशा कॅमेऱ्यावर. एकाही पोराची शाळा बुडाली नाही. पोरांना वाटत होतं आपण खेळतो आहोत, आणि सिनेमा देशभर गाजला.

शनिवार लातुरातही येतो.