दर फक्त आजपुरता

नगराध्यक्ष निवडून येतात आणि पडतात, मुख्याधिकारी बदलीवर येतात आणि बदलीवर जातात, 2022 नंतरची काही वर्षं तर निवडणुकाच नव्हत्या म्हणून प्रशासक होते. पण आमच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या जिन्याखालच्या खोलीत भाऊसाहेब कायम असायचे. कागदोपत्री पद भांडारपाल. खोलीत तुरटी आणि टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडरच्या गोण्या, फिनाईलचे कॅन, गमबूट, खराटे. या सहवासात नोकरीची वर्षं गेल्यामुळे त्यांच्या डब्यातल्या मेथीच्या भाजीलाही नळाच्या पाण्याचा वास यायचा, असं लेखापाल म्हणायचे. लेखापालांशी त्यांचं पटत नसे.

भाऊसाहेब पैसे खात नाहीत. हे आधीच सांगायला हवं, कारण सरकारी खरेदी म्हटलं की वाचक कसं हसतो ते मला ठाऊक आहे. त्यांचं व्यसन वेगळं आहे: तुलनात्मक तक्ता. घरी वांगी आणायला पाठवलं तरी तीन गाळ्यांवर भाव विचारतात आणि सगळ्यांत स्वस्त म्हणून किडकी घेऊन येतात. वहिनींनी हरकत घेतली की शांतपणे म्हणतात, “एल-वन होता. दुसऱ्याकडून घेतली असती तर ऑडिटला उत्तर कोण देणार, तू?”

राज्य शासनाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका त्यांनी स्वखर्चानं बाइंड करून घेतली आहे. पुस्तिका आली तेव्हा हद्द सोपी होती: तीन लाखांच्या आत तीन दरपत्रकं, वर गेलं की ई-निविदा. दरपत्रकांची व्यवस्था तर त्याहून सोपी. बाजारपेठेतले एक शेठ तिन्ही देत. एक स्वतःच्या लेटरहेडवर, दुसरं मेव्हण्याच्या, तिसरं मेव्हण्याच्या बायकोच्या. तिन्हींत ‘फिनाईल’ सारखंच चुकलेलं. यात भ्रष्टाचार कमी आणि भक्ती जास्त होती. नैवेद्य देव खात नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी ताट रिकामं ठेवत नाही.

मग दर हलायला लागले. आधी करोना आला. 4 मे 2020 ला वित्त विभागानं फर्मान काढलं की यंदा तरतुदीच्या 33 टक्केच मिळतील, नवी खरेदी बंद. भाऊसाहेबांनी तो शासन निर्णय काचेखाली लावला. खरेदी न करण्याचा लेखी आदेश त्यांना नोकरीत प्रथमच मिळाला होता. पण पुढच्या वर्षी तांबं चढलं, पीव्हीसी चढलं. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि लोखंड, डांबर, डिझेल यांचे भाव विचारायचीही भीती वाटू लागली.

“शेठ, नव्वद दिवसांची वैधता टाकून दर लिहून द्या,” भाऊसाहेब म्हणाले.

“नव्वद मिनिटांची टाकू का?” शेठ म्हणाले. “दर फक्त आजपुरता, भाऊसाहेब. संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला की मीच मला ओळखत नाही.”

मेव्हणाही फिरला. त्याची बायकोही. आणि भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा खरी तीन दरपत्रकं गोळा करायला बाजारात निघाले. पहिल्या दुकानानं मागचं बिल दाखवलं. दुसऱ्यानं मागच्याचं मागचं दाखवलं. तिसरा तयार झाला; पण त्यानं नगरपरिषदेचं बिल निघायला लागणाऱ्या महिन्यांचं व्याज, उद्याची भाववाढ आणि स्वतःच्या रक्तदाबाची गोळी असं सगळं दरात घातलं. तो कागद टिपणीला जोडल्यावर लेखापालांनी लाल शाईनं विचारलं, “बाजारभावापेक्षा जास्त का?”

या ‘जास्त का’ने माणूस कसा घडतो, हे भाऊसाहेबांकडे पाहिल्यावर कळतं. मी इतकी वर्षं पाहतोय, ‘उशिरा का घेतलं?’ असा आक्षेप कुठल्याही लेखापरीक्षकानं त्यांच्यावर काढलेला नाही. ‘महाग का घेतलं?’ मात्र दर वर्षी. अंदाजपत्रक बनतं दरसूचीवर, दरसूची असते गेल्या खेपेची, आणि दुकान उघडतं आज सकाळी. पाणीपुरवठ्याच्या सबमर्सिबल पंपाची निविदा अंदाजापेक्षा आठ टक्के जास्त आली, म्हणून रद्द. फेरनिविदा काढली, ती चौदा टक्के जास्त. तीही रद्द. तिसऱ्या वेळी एकच जण आला. एकट्यालाच काम दिलं तर लोक काय म्हणतील, म्हणून चौथी. तोवर जुनी मोटर पुन्हा पुन्हा रिवाइंड होत राहिली आणि अर्ध्या गावाला टँकर. टँकरची बिलं मात्र सपासप निघाली, कारण त्यांच्यावर ‘तातडीचे’ असा शिक्का होता. त्या रकमेत पंप आला असता का, असं मी एकदा विचारलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “आला असता की. पण दोन्हींची लेखाशीर्षं वेगळी.”

त्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान मात्र एका शनिवारनं केलं. लोखंडी कचराकुंड्यांची फाईल ते कित्येक महिने दाबून बसले होते. आरोग्य निरीक्षक रोज येऊन शिव्या घालत. आणि 21 मे 2022 ला केंद्रानं एका झटक्यात डिझेलवरचं उत्पादन शुल्क सहा रुपयांनी उतरवलं, पोलादावर निर्यात शुल्क बसवलं. लोखंडाचे भाव घसरले. कुंड्या अंदाजपत्रकाच्या आत आल्या. मुख्याधिकाऱ्यांनी फाईलवर ‘प्रशंसनीय’ असा शेरा मारला. तेव्हापासून भाऊसाहेब स्वतःला बाजाराचे जाणकार समजतात. कुठलीही मागणी घेऊन जा, डोळे मिटून सांगायचे, “थांबा. उतरेल.” केंद्र सरकार प्रत्येक फाईलसाठी शनिवारी बैठक घेत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

सरकारी खरेदीचं जेम पोर्टलही त्यांनी करून पाहिलं. रस्ता झाडायचे खराटे मागवले, सर्वांत कमी दरात बैठकीची खोली झाडायच्या फुलझाडू आल्या. सफाईच्या मावश्यांनी त्या भाऊसाहेबांच्या टेबलावर आणून ओतल्या आणि म्हणाल्या, “तुम्हीच झाडा मेन रोड.”

पण एवढ्यावर माणूस संपत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, नदी चहासारखी लाल होते आणि शुद्धीकरण केंद्रात तुरटीची गरज एकदम वाढते. अशाच एका जूनमध्ये जुन्या दरानं माल द्यायला पुरवठादारानं साफ नकार दिला. नोटीस काढायची, अनामत जप्त करायची, काळ्या यादीत टाकायचं, हे सगळं नियमात होतं. गढूळ पाणी पिऊन तोवर काय करायचं ते नव्हतं. रात्री दहाला भाऊसाहेबांनी शेजारच्या नगरपरिषदेच्या भांडारपालाला फोन लावला. “अण्णा, दोन टन तुरटी द्या हातउसनी.”

“टीसीएल आहे का तुमच्याकडं?” अण्णा म्हणाले.

पहाटे ट्रॅक्टर आला. गावाला कळलंसुद्धा नाही. हा व्यवहार कुठल्याही पुस्तिकेत बसत नाही, कुठल्याही साठा नोंदवहीत सापडत नाही. तो भाऊसाहेबांच्या खिशातल्या डायरीत पेन्सिलीनं लिहिलेला असतो आणि फिटला की खोडरबरानं पुसला जातो. त्यात चार नगरपरिषदांचं ब्लिचिंग, फॉगिंगचं औषध आणि एकदा तर चक्क रोडरोलरही फिरून आलेला आहे. या वर्तुळात ना दरपत्रक, ना वैधता. जिथं रुपयाच नाही तिथं दर चढणार कशाचा? ऑडिटला कळलं तर पेन्शन अडकेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी फोन लावला.

2025 च्या डिसेंबरअखेर ते निवृत्त झाले. निरोपाला चांदीचा गणपती द्यायची आमच्याकडची रीत. आस्थापना लिपिकानं हुशारी करून जानेवारीतच वर्गणी जमवली होती. तेव्हा चांदी किलोला लाखाच्या आत होती. पण गोष्ट भाऊसाहेबांच्या कानावर गेली. ते स्वतः उठून आले, म्हणाले, “आत्ता घेऊ नका. थांबा. उतरेल.” एवढ्या जाणकार माणसाचा शब्द मोडायचा कसा? सगळे थांबले. डिसेंबरात चांदी दोन लाखांच्या वर गेली, आणि जमलेल्या पैशात गणपती काही बसेना. उंदीर बसला.

सभागृहात शाल, नारळ झाला, भाषणं झाली. भाऊसाहेबांनी पेटी उघडली. चांदीचा उंदीर तळहातावर घेऊन त्याचं वजन अजमावलं, चष्मा कपाळावर चढवून सराफाची पावती वाचली आणि आस्थापना लिपिकाला जवळ बोलावून हळूच विचारलं, “बाकीची दोन दरपत्रकं कुठायत?”