डावीकडून तिसरे

लांज्याच्या बाजारपेठेतून एका हाताने स्कूटर सावरत, दुसऱ्या हाताने गळ्यातला कॅमेरा पोटाशी आवळत कुणी सुसाट निघालेला दिसला, की समजावं, कुठेतरी वृक्षारोपण आहे. अपघात असता तर गाव मोबाईल घेऊन त्याच्या आधी पोहोचलं असतं. वृक्षारोपणाला मात्र तोच लागतो. तो आल्याशिवाय रोप खड्ड्यात उतरत नाही.

हा पेपरचा फोटोग्राफर. सगळ्या तालुक्याचा ‘भाऊ’. खड्ड्यापाशी पोहोचला की तोच हुकूम सोडतो, “साहेब, झारी जरा वर. पाणी सोडू नका अजून.” एका रोपाला नऊ हात लागतात, त्यात रोप झाकून जातं. त्याची कुणालाच फिकीर नसते. फिकीर असते ती मागच्या रांगेतल्याला. “भाऊ, मी दिसतोय ना वो?”

पेपर त्याला जे देतो त्याला मानधन म्हणतात, कारण त्यात मान जास्त. चूल पेटते ती पासपोर्ट फोटोंवर, मे महिन्यातल्या लग्नांवर आणि शुभेच्छांच्या जाहिरातींच्या कमिशनवर. एकाच पुढाऱ्याच्या वॉर्डातला खड्डा आणि त्याच पुढाऱ्याचा वाढदिवस एका आठवड्यात छापून आणायचं कसब त्याला साधलंय. खड्डा आधी, वाढदिवस नंतर. उलट केलं तर बिल बुडतं.

खड्ड्यांची तशी कधीच ददात नव्हती. मुंबई-गोवा महामार्गाचा नंबर 17 चा 66 झाला, पण चौपदरीकरणात आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड हे दोन टप्पे फार रखडले, आणि लांजा नेमकं दुसऱ्यात. उन्हाळ्यात धुळीचा फोटो, पावसात चिखलाचा. सप्टेंबर 2022 मध्ये आंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि महामार्ग बंद झाला. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे कॅमेरे रांगेत अडकून पडतात आणि भाऊ आडवाटेने पुढे जातो. दुसऱ्या दिवशी फोटो येतो. त्याखाली नाव? ‘छाया : प्रतिनिधी’.

रोलच्या काळात तो खरा सुखी होता. छत्तीस फोटोंत दोन लग्नं, एक मोर्चा आणि शिमग्याची पालखी बसवायची म्हणजे उधळपट्टी परवडायची नाही. म्हणून तो नुसताच फ्लॅश मारायचा. व्यासपीठावर लखकन उजेड पडला की पाहुणे तृप्त. फोटो धुऊन पाकिटात घालायचा, लांजा डेपोत रत्नागिरी गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा आणि “भाऊ, आला का नाय?” असं कुणी विचारलं की एसटीवर ढकलायचा. आता व्हॉट्सॲप आलं. माणसं जागच्या जागी म्हणतात, “दाखवा बघू.” आणि तीनदा पुन्हा काढायला लावतात.

कॅमेऱ्याचा खरा वैरी कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी धरते. भाऊ चपलांच्या दुकानातून बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या मागून आणतो आणि लेन्ससोबत डब्यात कोंबतो. पुड्या मिळाल्या नाहीत तर कॅमेरा तांदळाच्या डब्यात जातो. मग घरात भातावरून भांडण. मला यात बायकोचीच बाजू पटते.

पण फोटो हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम नावांचं. ‘छायाचित्रात डावीकडून’ लिहिण्यासाठी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर तो नावं टिपून घेतो, आणि पुढच्या क्लिकपर्यंत कुणीतरी साहेबांच्या जवळ सरकलेलं असतं. सकाळी पतपेढीचा शिपाई चेअरमन झालेला असतो. एखाद्या दिवशी तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांचंच नाव चुकतं. तो तंटा न्यायचा कुणाकडे?

कुणी वारलं की रात्री घरची माणसं त्याच्याकडेच येतात. म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो कधीच नसतो. भाऊ संगणकावर जुनी लग्नं उघडतो, कुठल्याशा वऱ्हाडात म्हातारा सापडतो, त्याला कापून पेपरला पाठवतो. निधनवार्तेतल्या निम्म्या लोकांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असतो. इथे मात्र आजवर कुणी फोन करून तक्रार केलेली नाही.

बिबट्या विहिरीत पडला की भाऊची दिवाळी. वनखात्याची माणसं दोरखंडाने पिंजरा खाली सोडतात, तो कठड्यावर पोट टेकून तास तास लटकतो. कपारीला पंजे रोवून बिबट्या वर बघतो, थेट लेन्समध्ये. ‘जरा हसा’ म्हणायची गरज नाही. हा फोटो पहिल्या पानावर जाणार याची त्याला खात्री असते.

सकाळी फोटो येतो आतल्या पानावर, डबल कॉलम. ‘बिबट्याची पाहणी करताना डावीकडून सरपंच, उपसरपंच, पोलीसपाटील व ग्रामस्थ’. जागेअभावी खालची बाजू कापलेली असते, म्हणजे विहीर आणि बिबट्या. पोलीसपाटील स्टँडवर येऊन दहा अंक घेऊन जातात.